आकाराममामांचा माईक

अमरेशने आपल्या रेकॉर्डिंग स्टुडिओत आकाराममामांच्या समोरचा माईक उचलला आणि स्टँडसकट भिंतीकडे नेऊन ठेवला. नेताना वायर मामांच्या पायाला अडकली. त्यांनी पाय उचलून वाट करून दिली. स्वतःला काढून टाकण्याच्या कामात माणूस सहसा एवढी मदत करत नाही.

“तुमी बसा निवांत, मामा. आज सूर कॉम्प्युटर धरंल.”

“बसतो की,” मामा म्हणाले. मांडीवरची सनई पिशवीत घालायची की नाही, हे मात्र त्यांना ठरवता येईना. ती मांडीवरच राहिली.

केरबा आणि आकाराम हे दोघे भाऊ. थोरले केरबा सनईवर गाणं वाजवत, धाकटे आकाराम दुसऱ्या सनईवर एकच सूर धरून बसत. गेली तीस वर्षं. गाणं वाजवणारा मध्ये थांबू शकतो, इकडेतिकडे बघू शकतो. सूर धरणाऱ्याला ती मुभा नसते. गालात साठवलेली हवा सनईत सोडायची आणि तेवढ्यात नाकाने नवी आत घ्यायची. लग्नांत लोक केरबांना दाद देत. आकाराममामांकडे कोणी बघत नसे. सूर तुटला असता तर बघितलं असतं, आणि तो तुटत नव्हता. अमरेश-प्रेरणाच्या लग्नात जनरेटर दोनदा बंद पडला होता, मामा पडले नव्हते.

गेल्या वर्षापासून मात्र सूर तुटू लागला. आयुष्यभर दिवसा फौंड्रीतली धूळ घेतलेल्या छातीला तो एवढा एक सूरही झेपेना. मांडवात ते खपून जायचं. माईकला जेवणाच्या पंगतीची घाई नसते, त्यामुळे तो नीट ऐकतो.

म्हणून अमरेशने सनईचं सॉफ्टवेअर घेतलं. त्याच्या दोन आवृत्त्या होत्या, मोफत आणि पूर्ण. मोफत आवृत्ती मिनिटभर वाजायची आणि मग दोन सेकंद गप्प व्हायची, म्हणजे फुकट्याला आपण फुकटे असल्याची आठवण राहावी. पूर्ण आवृत्ती कधीच गप्प होत नसे. आपल्याकडे या दोहोंच्या मध्ये एक तिसरी आवृत्ती असते. ती मित्राकडे असते. मोहितने ती पुण्याहून सीडीवर पाठवलीही होती. तिच्यातून आलेल्या व्हायरसने एका साखर कारखान्याच्या निवडणुकीची सगळी प्रचारगीतं खाल्ली. दोन्ही पॅनेलची. एवढा निःपक्षपातीपणा तालुक्याने प्रथमच पाहिला. तेव्हापासून अमरेश प्रामाणिक होता.

त्या सकाळीच त्याने प्रेरणाच्या कार्डावरून पूर्ण आवृत्तीचे पैसे भरले होते. ती उघडायचा कोड ई-मेलने येणार होता. राधानगरीकडच्या एका देवीच्या यात्रेची सीडी करायची होती. कोड येईपर्यंत मोफत आवृत्तीवर तालीम करायचं ठरलं. सनईचा सूर फारसा हलवता येत नाही, कॉम्प्युटरचा येतो. म्हणून अमरेशने कॉम्प्युटरच मामांच्या सनईला जुळवून घेतला.

“माज्याच आवाजात बोलतंय की बेनं,” मामा म्हणाले.

केरबांनी डोळे मिटून सुरुवात केली. मिनिट झालं आणि कॉम्प्युटर गप्प झाला. केरबांनी सनई तोंडातून काढली.

“काय झालं? मेलं?”

“न्हाय. फुकटचं हाय ते. मिनिटाला दोन सेकंद थांबतंय.”

“दम घेतंय म्हणा की.” केरबा कॉम्प्युटरकडे बघत राहिले. “तीस वर्सांत आकारामनं कदी घेतला न्हाय. आन् ह्येला मिनिटात लागला.”

“आता आमालाबी लागतोय की, दादा,” मामा हळूच म्हणाले.

“तुला कोन बोलतंय? मी त्येला बोलतोय.”

अमरेश काचेपलीकडच्या खोलीत आला. ई-मेल आला होता. चूक होऊ नये म्हणून त्याने पंचवीस अक्षरं-आकडे एका कागदावर शाईच्या पेनाने सावकाश उतरवायला घेतले. आत केरबांनी पुन्हा सुरुवात केली होती. अर्धा कोड लिहून झाल्यावर अमरेशचा पेन थांबला. मिनिट होऊन गेलं होतं आणि सूर थांबला नव्हता.

त्याने काचेतून पाहिलं. पुढचं मिनिट संपत आलं तसे मांडीवरच्या सनईवरचे मामांचे हात उठले. गाल फुगले. कॉम्प्युटर गप्प झाला आणि सूर चालूच राहिला. दोन सेकंदांनी कॉम्प्युटरने तो पुन्हा उचलला आणि मामांनी सनई मांडीवर ठेवली. मग मिनिटभर ते तोंड उघडं ठेवून शांतपणे श्वास घेत बसले. सांधा कुठे होता ते अमरेशला कळलं नाही, आणि सांधे ओळखणं हाच त्याचा धंदा होता. केरबांची पाठ भावाकडे होती. ती तीस वर्षं तशीच होती.

गाणं संपलं. अमरेश उरलेला कोड लिहून आत आला.

“चुकून झालं, मालक,” मामा घाईने म्हणाले. “सूर तुटला की हात आपसूक उठतोय. आता ठिवतो पिशवीत.”

“त्ये विकतचं आलं का?” केरबांनी विचारलं. नजर सनईवर होती.

“कुठलं ते?”

“न थांबनारं.”

अमरेशने कागदाची घडी केली. पुन्हा उघडली.

“न्हाय अजून.”

“कवा यील?”

“परदेशातनं यायचंय. काय सांगता येत न्हाय.” त्याने कागद टेबलावर ठेवला आणि भिंतीकडचा माईक उचलला. “यात्रा तोंडावर आलीया. फुकटच्यावरच करूया. मामा, तेवढी दोन सेकंदं सांभाळा.”

“दोन सेकंदाला माईक कशाला?”

“मग काय, लोकांच्या कानात जाऊन वाजवनार हायस व्हय?” केरबा म्हणाले. “गप बस. हलू नगंस.”

अमरेशने माईक मामांच्या उंचीला लावला. या वेळी वायर त्याने खुर्चीमागून घेतली.

संध्याकाळी सामान आवरताना केरबांनी सनईच्या तोंडाची, फुंकायची ओली पत्ती काढली, ती गुंडाळायला इकडेतिकडे पाहिलं आणि टेबलावरचा कागद उचलला. कागदावर इंग्रजी होतं. ते त्यांना वाचता येत नव्हतं. पण एवढं कोरून लिहिलेलं अक्षर किराणाच्या यादीचं नसतं, हे कळायला इंग्रजी लागत नाही. त्यांनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला.

“कामाचा हाय का ह्यो?”

“न्हाय.”

“बगा हां. शाई पसरंल.”

“पसरू दे.”

केरबांनी पत्ती कागदात गुंडाळून खिशात टाकली आणि भावाची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावून जिना उतरू लागले.

प्रेरणा बँकेतून परस्पर स्टुडिओवर आली, तेव्हा अमरेश वायरी गुंडाळत होता.

“टाकलास का कोड?”

“भिजला.”

ई-मेल भिजत नाही, हे बँकेत नोकरी करणाऱ्या बाईला ठाऊक असतं. तिने पर्स टेबलावर ठेवली. मामांच्या खुर्चीसमोरचा माईक पाहिला. कॉम्प्युटर अजून चालूच होता. तो मिनिटभर वाजला आणि गप्प झाला.

दोघांनीही त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.