ओरेस्ट पावलिकची दोन-दोन मिनिटं

मी शिक्षेचा बाक बोलतोय. दचकू नका मुलांनो, तुम्ही काही केलेलं नाही.

मी बर्चच्या लाकडाचा. सुतारानं मला खरं तर चर्चसाठी बनवलं होतं. पण माप घेताना त्याच्या गप्पा चालल्या होत्या, आणि मी काही चर्चच्या दारातून आत जाईना. मग ब्लॅकस्प्रूस गावच्या आइस हॉकीच्या रिंकवर माझी रवानगी झाली. प्रार्थना ऐकायला जन्मलो आणि शिव्या ऐकत बसलो.

हा खेळ तसा सोपा आहे. गुळगुळीत बर्फावर दोन संघ. प्रत्येकाचे सहा जण पायांत पात्यांचे बूट आणि हातात काठ्या घेऊन पळतात. रबराची एक काळी चकती असते, तिला पक म्हणतात. ती समोरच्याच्या जाळ्यात मारायची. कुणी पाय अडकवला किंवा काठी मारली, की पंच त्याला माझ्याकडे धाडतो. त्यानं दोन मिनिटं माझ्यावर बसायचं आणि तोवर त्याच्या संघानं एक माणूस कमी घेऊन खेळायचं. मारामारी केली तर पाच मिनिटं.

माझ्याभोवती कठडा होता आणि त्याच्या दाराची कडी सिगरिदबाईंच्या हातात असायची. चाळीस वर्षं शाळेत शिकवून बाई निवृत्त झाल्या होत्या. मांडीवर विणकाम, पायाशी चहाचा थर्मास. वेळ संपल्याशिवाय कडी निघायची नाही, मग समोर कुणी का असेना.

मी सांगतोय ती १९७३च्या हिवाळ्यातली गोष्ट. आमचा संघ ब्लॅकस्प्रूस बीव्हर्स. पगार घेऊन खेळणारे, पण पगाराच्या मानानंही वाईट खेळणारे. आठ संघ, साठ सामने, आणि पहिले चार पुढच्या फेरीत. संघाचे मालक लाकूड गिरणीवाले. त्यांनी ऑक्टोबरातच सांगून टाकलं, "यंदा पहिल्या चारांत आलात तर ठीक, नाहीतर संघ दुसऱ्या शहराला देऊन टाकतो."

गाव हबकलं. आमच्याकडे सहा महिने बर्फ. हॉकी गेली तर उरणार काय? गिरणी आणि एकमेकांची तोंडं.

अशा संघात ओरेस्ट पावलिक होता. साडेसहा फूट उंच, हात फावड्यासारखे. त्याचं काम एकच, मारामारी. सात वर्षांत त्यानं एकही गोल केला नव्हता. त्या हिवाळ्यात तो माझ्यावर इतका बसला की माझ्या फळीला त्याच्या मापाचा खळगा पडला.

बसला की तो एकच प्रश्न विचारायचा, "बाई, किती राहिलं?"

समोर बैलगाडीएवढं घड्याळ लटकत होतं. बाई तरी सांगायच्या, "एक मिनिट दहा." थोड्या वेळानं पुन्हा, "बाई, आता?"

बाईंना आधी वाटलं, आळशी आहे. मग वाटलं, गणित कच्चं असेल. जानेवारीत एकदा त्यांनी सुया खाली ठेवल्या.

"ओरेस्ट, रिंकच्या कडेला समोरच्या फळीवर ती जाहिरात कशाची आहे रे?"

ओरेस्टनं डोळे बारीक केले. "साबणाची?"

जाहिरात अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्या दुकानाची होती.

"अरे, मग तुला पक दिसतो तरी का?"

"ऐकू येतो ना."

"आणि आपली माणसं?"

"पांढरे ते आपले. बाकी जो रंग दिसेल त्याला धडकायचं."

"पण तू सारखी मारामारी का करतोस?"

ओरेस्टनं खाली बघितलं. "माणूस हाताच्या अंतरावर आला की स्पष्ट दिसतो, बाई."

मी लाकूड, पण मलाही गलबलून आलं. दर वर्षी डॉक्टर तपासतात त्याचं काय, असं बाईंनी विचारलं. तर गडी म्हणाला, "तो अक्षरांचा तक्ता मी पाठ केलाय. कुणाला सांगू नका, संघातून काढून टाकतील."

"शनिवारी सकाळी माझ्याबरोबर चष्मेवाल्याकडे यायचं."

"नाही आलो तर?"

"तर तुझ्या आईला फोन करीन."

तो साडेसहा फुटांचा गडी पांढराफटक पडला. शनिवारी गेला.

चष्मा आला. जाड काचा, काळी फ्रेम, पडू नये म्हणून डोक्यामागून रबरी पट्टा. कोच गान्यों यांनी तो पाहिला आणि टोपी आपटली. "मी गुंड मागितला होता, ग्रंथपाल नाही!"

पुढच्याच सामन्यात दुसऱ्या संघाचा डफ मॅकॉर्किल अंगावर आला. जबड्यात चार दात आणि तेवढेच मित्र असलेला माणूस. त्यानं हातमोजे फेकले, मूठ उगारली, आणि थबकला.

"आधी तो चष्मा काढ."

"काढला तर पक दिसणार नाही."

"चष्मा घातलेल्याला मारू कसा? माझी आजी बघतेय वर प्रेक्षकांत बसून."

"मग राहू दे की."

"बरं, राहू दे."

दोघं आपापल्या वाटेनं निघून गेले. प्रेक्षकांना कळेना, टाळ्या वाजवाव्यात की पैसे परत मागावेत.

त्यानंतर ओरेस्ट माझ्याकडे येईनासा झाला. तो आता पकच्या मागे पळू लागला. सुरुवातीला फक्त पळालाच, कारण पक एवढा लहान असतो हे त्याला नव्यानंच कळलं होतं. मग तो अडवायला शिकला, नेमका पास द्यायला शिकला. संघ सातव्यावरून सहावा झाला, सहाव्यावरून पाचवा. बाई खूश होत्या. मी मात्र रिकामा. खोटं कशाला बोलू, मला त्याची आठवण यायची.

शेवटच्या सामन्याचा दिवस उजाडला. जिंकलो तर चौथे, बरोबरी झाली तरी संपलं. गोल तीन-तीन, शेवटची काही मिनिटं. तेवढ्यात कोच गान्यों घाईत मोजायला चुकले आणि आमचे सहाऐवजी सात जण बर्फावर उतरले. पंचानं शिट्टी फुंकली. अशा चुकीची शिक्षा संघातल्या कुणीही एकानं भोगायची असते. कोचनी सवयीनं बोट दाखवलं, "ओरेस्ट, जा."

ओरेस्ट येऊन बसला. पहिल्यांदाच निर्दोष. काचांवर वाफ धरली होती. बाईंनी चष्मा काढून लोकरीच्या गुंड्यानं पुसला आणि पुन्हा त्याच्या नाकावर ठेवला.

समोरचे पाचही जण आमच्या जाळ्यावर तुटून पडले होते. गोलरक्षक आडवा, उभा, पुन्हा आडवा. सगळं गाव उभं राहिलं होतं. ओरेस्टनं घड्याळाकडे बघितलं आणि या वेळी कुणालाच काही विचारलं नाही. तो स्वतःच पुटपुटला, "चार, तीन, दोन..."

बाईंनी कडी काढली. तेवढ्यात आमच्या एका खेळाडूनं जीव खाऊन पक बाहेर भिरकावला. तो कडेच्या फळीला घासत आला तो थेट माझ्या दाराशी. ओरेस्टचं पाऊल आणि पक एकाच वेळी बर्फावर आले. पुढे सगळं मैदान मोकळं, फक्त त्यांचा गोलरक्षक.

"दिसतोय का रे?" बाई ओरडल्या.

"दिसतोय!"

काठी फिरली, जाळं हललं. सात वर्षांतला पहिला गोल. बाईंनी विणकाम हवेत उडवलं, ते कोचच्या गळ्यात पडलं आणि दोन दिवस तिथंच राहिलं.

पुढच्या फेरीत आम्ही ओळीनं चार सामने हरलो, तेही सांगायला हवं. पण संघ गावातच राहिला.

आता रिंकवर प्लास्टिकचे बाक आलेत. मला तळ्याकाठी ठेवलंय. थंडीत तळं गोठलं की मुलं माझ्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधतात. या, तुम्हीही बसा. फक्त पात्यांनी मला खरवडू नका. आणि फळ्यावरचं दिसत नसेल तर तक्ता पाठ करत बसू नका, सरळ सांगून टाका. कुणी हसलं तर त्याला माझ्याकडे पाठवा. दोन मिनिटं बसवतो.