पियानोवरचं पुसलेलं नाव

राधिकाला जाऊन दोन महिने झाले होते, तेव्हा तिच्या मोबाइलवर एक निरोप आला. मोबाइल बंद करायला तिच्या वडिलांचं, पंजाबरावांचं मन होत नव्हतं. ते तो रोज चार्ज करून ठेवत. निरोप दौलतसिंगांचा होता. हे नागपूरचे म्हातारे पियानो दुरुस्त करत.

‘बेटी, डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून उशीर झाला. पियानोचं वरचं झाकण उघड. आत लोखंडी चौकटीवर नंबर असेल. त्यावरून वय कळेल.’

त्याच्या वर राधिकाचा प्रश्न होता. ‘काका, पियानोवरचं नाव पुसलं आहे. तो कोणी केला, कधी केला, हे कसं शोधायचं?’

शिरपूरला पंजाबरावांचा मेथी-वांग्यांचा मळा. तीन वर्षांपूर्वी वाशीमची एक जुनी शाळा बंद पडली, तेव्हा तिथला उभा पियानो कोणालाच नको होता. राधिकाने हट्ट धरला आणि ट्रॉलीत गोण्या अंथरून बापलेकीने तो घरी आणला. ती मोबाइलमध्ये बघून शिकायची. एकोणिसाव्या वर्षी डेंग्यूने गेली.

पंजाबरावांनी झाकण उघडलं. नंबर गंजला होता, फोटोत नीट दिसेना. त्यांनी दौलतसिंगांना फोन लावला. “मी राधिकाचा बाप बोलून राह्यलो,” म्हणाले आणि पियानो बघायला या म्हणून पत्ता दिला; ती गेल्याचं सांगितलं नाही. पुढच्या रविवारी दौलतसिंग हत्यारांची पिशवी घेऊन बसने आले.

“बेटी कुठाय?” दारातच त्यांनी विचारलं.

“गेली जी ती,” राधिकाची आई कस्तुराबाई म्हणाली. “भादव्यात.”

म्हाताऱ्याने हत्यारांची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, “तर मला कशाला बोलावलं, भाऊ?”

“तिनं इचारलं होतं,” पंजाबराव म्हणाले. “तिचं उत्तर घ्याले कोनी तरी पाह्यजे ना.”

दौलतसिंगांनी पुढची फळी काढली, चौकट रॉकेलने पुसली, नंबर वाचला आणि जवळच्या जुन्या वहीतून त्याचं साल काढलं. पहिली पट्टी उपसली, तर तिच्या कडेला पेन्सिलने लिहिलेलं करणाऱ्याचं नाव आणि तेच साल निघालं. विल्यम ट्रेंटन, लंडन, एकोणीसशे आठ.

मग ते एकेक तार ताणू लागले. थोड्या वेळाने त्यांचा हात थांबला.

“याच्यावर ती शिकायची?”

“हो. काहून?”

“तारांच्या खुंट्या ज्या लाकडात असतात, ते आतून फाटलंय. इकडचा उन्हाळा सोसला नाही त्याला. आज सूर लावला तर उद्या उतरतो. यावर कुणीही वाजवलं तरी बेसूरच वाजेल.”

पंजाबराव खाटेवर बसले. राधिका मोबाइलवर एका मुलीचा व्हिडिओ लावून त्याच्यासोबत वाजवायची आणि मध्येच थांबायची. “बाबा, त्या पोरीचा सूर बराबर लागते, माहाच काहून चुकते?” असं विचारायची. एक दिवस मळ्यातून दमून आल्यावर ते म्हणाले होते, “तुहा कानच नाई त्यातला. सोड हा नाद.” त्यानंतर ती ते घरात नसतानाच वाजवायची.

“तिचा कान बराबर होता मंग?” त्यांनी विचारलं.

“फरक ऐकू येत होता म्हणजे चांगलाच होता,” दौलतसिंग म्हणाले.

कस्तुराबाई भिंतीकडे तोंड करून रडू लागली.

दौलतसिंग निघाले तेव्हा पंजाबरावांनी त्यांच्यापुढे कागद ठेवला. “नाव लिहा, साल लिहा. आन् खाली हे बी लिहा का पोरीची चूक नोती.”

म्हाताऱ्याने सगळं सावकाश लिहिलं आणि खाली सही केली.

शेवटची बस गेली. पंजाबराव कागद हातात धरून ओट्यावर बसले होते.

“कोनाले दाखवता आता तो?” कस्तुराबाईनं विचारलं.

तीही मग त्यांच्याजवळ येऊन बसली.