एकशे अठरावर थांबलेला आकडा

मी खारूचा पंप बोलतोय. पाण्याचा नव्हे, सायकलचाही नव्हे, दम्याचा. निळा, मुठीत मावेल एवढा, आणि पाठीवर एक चिमुकली खिडकी. कारखान्यातून निघालो तेव्हा त्या खिडकीत दोनशे हा आकडा होता. एकदा दाबलं की एक कमी. आपण किती उरलो हे असं पाठीवर घेऊन फिरायचं, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार वेगळीच आहे.

खारू नऊ वर्षांची. लहानपणी गालात घास धरून बसायची म्हणून हे नाव पडलं. तिच्या आईचं ब्यूटी पार्लर आहे, बाबा सोफे दुरुस्त करतात. मी तिच्या दप्तरात आलो तेव्हा दोघांचा घटस्फोट होऊन दोन महिने झाले होते. एक आठवडा ती आईकडे, एक बाबांकडे. दर रविवारी पाच वाजता वाचनालयाच्या पायऱ्यांवर तिला एकाने सोडायचं आणि दुसऱ्याने न्यायचं, कारण कोणालाच कोणाच्या दाराशी जायचं नव्हतं.

पहिल्याच रविवारी बाबांनी मला दप्तरातून काढून खिडकी वाचली.

"आठवड्यात बारा वेळा? पार्लरमधले ते स्प्रे मारत बसतेस तिच्या नाकासमोर!"

पुढच्या रविवारी आईची पाळी. "आणि तुझ्याकडे चौदा! कापूस पिंजतोस आणि पोरीला तिथेच अभ्यासाला बसवतोस."

तेव्हापासून दोघं मला औषध म्हणून कमी आणि पुरावा म्हणून जास्त हातात घ्यायला लागले. खरं सांगू? दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. स्प्रेनेही तिला त्रास व्हायचा, कापसानेही. पण खापर फोडायच्या घाईत ऐकून घ्यायला सवड कोणाला होती? खारू मधल्या पायरीवर उभी राहून बुटाच्या टोकाने सिमेंट उकरत राहायची.

मग माझा आकडा एकशे अठरावर थांबला.

तो आईकडचा आठवडा होता. जिना चढताना खारूला धाप लागायची. ती मला बाहेर काढायची, बोट ठेवायची, खिडकीकडे बघायची आणि परत दप्तरात टाकायची. मग भिंतीला टेकून हळूहळू श्वास ओढत बसायची. आईने विचारलं तर म्हणायची, "काही नाही, सर्दी झालीये." माझ्या पोटात औषध होतं आणि ते मला बाहेर सोडता येत नव्हतं. इतका राग मला आयुष्यात कधी आला नाही.

रविवारी बाबांनी खिडकी वाचली. पुन्हा वाचली.

"बघितलंस?" आई म्हणाली. "माझ्याकडे आठवडाभर एकदाही लागला नाही."

"म्हणजे स्प्रे बंद केलेस एकदाचे. मी सांगत होतो तेव्हा पटत नव्हतं."

"तुझ्या सांगण्यावरून मी काहीही केलेलं नाही!"

झालं! आकडा हलला तरी भांडण, नाही हलला तरी भांडण. तेवढ्यात खारू पायरीवर बसली. तिचे खांदे कानांपर्यंत वर येत होते. "आई" म्हणायला तिने तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही.

"अगं, तिच्याकडे बघ!" बाबा ओरडले.

दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. आईने पाठीला हात देऊन तिला ताठ बसवलं. बाबांनी मला हलवून तिच्या तोंडाशी धरलं. आईने त्यांच्या बोटावर आपलं बोट ठेवून मला दाबलं. दवाखान्यात पोचेपर्यंत मी एकशे आठवर आलो होतो.

खारूला बोलता येऊ लागल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, "पंप जवळ होता ना गं? मग घेतला का नाहीस?"

खारूने दोघांकडे बघितलं. "आकडा कमी झाला की हे भांडतात."

आई तिच्या पायांवरची चादर सारखी करत राहिली. चादर सरळच होती.

डॉक्टरबाईंनी दोन्ही घरांत एकेक पंप ठेवायला लावला. मी दप्तरात राहिलो. शिवाय एक वही करायला सांगितली. "त्रास कधी झाला, कशाने झाला, एवढंच लिहा. कोणामुळे झाला ते लिहू नका."

वहीत आईने आधी लिहिलं, "मंगळवारी दुपारी, केसांच्या स्प्रेने. आता तिला पार्लरमध्ये बसवत नाही." खाली बाबांचं अक्षर: "कापसाचं काम मागच्या शेडमध्ये नेलंय." एकदा त्यांनी एक टोमणाही लिहिला होता, मग खोडला. खोडलेलं खारूला वाचता येतं, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. दोघांची तोंडं अजून वाकडीच असतात. गोडीगुलाबीने राहा असं माझंही म्हणणं नाही.

माझ्या खिडकीत आता चार उरलेत. नवा पंप आणून ठेवलाय. जायचं दुःख नाही, पण गेल्या रविवारचं मनातून जात नाही. पायऱ्यांवर खारूला खोकला आला, तिने मला काढलं आणि तोंडाशी नेण्याआधी आईच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग बाबांच्या. तेवढा श्वास तिने उशिरा घेतला.

आई, बाबा, तुम्ही त्या वेळी भांडत नव्हतात. तरीही तिने बघितलं. माझ्या जागी येणाऱ्याला तरी तिला तुमच्याकडे न बघता दाबता येऊ दे.