सिसलॉगमधला आत्मा

दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता चिखलीत शालिग्राम सर बोलत असत. सर वारून सहा महिने झाले होते, पण त्याची अडचण कोणालाच वाटत नव्हती.

बाजार समितीच्या मागच्या गल्लीतली त्यांची संगणक शाळा त्या वेळी गच्च भरायची. खिडक्यांवर सतरंज्या टाकलेल्या, सरांच्या फोटोपुढे उदबत्त्यांचा धूर, आणि भिंतीशी ओळीने दहा काळ्या स्क्रीन. पुढे सरांच्याच खुर्चीवर हरिओम महाराज बसत. अंगावर भगवी शाल, खाली जीन्स आणि उजवा हात कायम गोमुखीत. जपाची माळ कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून ती या कापडी पिशवीत धरतात, एवढं सगळ्यांना माहीत होतं. महाराजांची गोमुखी जरा मोठी होती. पण त्यांचा जपही मोठा असेल, असं लोक समजून चालले.

महाराज डोळे मिटत. मग त्यांचा हात थरथरू लागे, आणि की-बोर्डला कोणाचं बोटही न लागता दहाच्या दहा स्क्रीनवर एकदम अक्षरं उमटत. वर इंग्रजीत एक ओळ, तातडीचा निरोप आल्याची. खाली सरांचं नाव. आणि मग इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी: ‘मी इथेच आहे. ही खोली माझी समाधी करा.’

"बाप्पा!" भगवानराव म्हणत. ते तहसीलमधून कारकून म्हणून निवृत्त झालेले. नोकरीत असताना जिवंत माणसाकडूनही ते हयातीचा दाखला मागत. इथे त्यांनी काहीच मागितलं नाही.

"देह म्हणजे सर्किट," महाराज समजावून सांगत. "आत्मा म्हणजे करंट. लोक म्हणतात, सर गेले. अरे, सर गेले नाहीत. सर क्लाउडवर गेले."

यावर लोक हात जोडत. क्लाउड म्हणजे ढग हे बहुतेकांना ठाऊक होतं, आणि मेल्यावर माणूस वर जातो हे तर सगळ्यांनाच.

इथवर सगळं चाललं असतं तर गोष्ट सांगण्याजोगी नव्हती. सरांची खोली गेली असती आणि चिखलीत आणखी एक मठ झाला असता. पण सरांच्या पत्नी, पुष्पाबाई, पहिल्या रांगेत बसत, आणि पुष्पाबाईंना मधुमेह होता. रोज दोन वेळा इन्सुलिन घ्यावं लागे. एका गुरुवारी स्क्रीनवर अक्षरं उमटली: ‘सुई बंद कर. मी बघतो आहे.’

"सुईनं देहाले भोक पडते," महाराजांनी खुलासा केला, "आणि भोकातून नेटवर्क गळते. माऊली, तुम्हाले सरांशी बोलाचं हाये का सुया टोचून घ्याच्या हायेत?"

पुष्पाबाईंनी सुई बंद केली.

त्यांची मुलगी निवेदिता देऊळगाव राजाला कॉलेजात संगणकाची सी भाषा शिकवायची. शेजारच्या कौशल्याबाईंचा तिला फोन आला: "तुया मायले घेरी आली वं. येऊन पाह्य, पायाचा अंगठा काळा पडून राह्यला." निवेदिता मिळेल त्या गाडीने आली. घरातल्या मीटरवर साखर मोजली, तर त्याने आकडाच दाखवला नाही, मोजण्याच्या पलीकडे गेली एवढंच कळवलं. डॉक्टरांनी अंगठा पाहिला आणि स्वच्छ सांगितलं की सुई आजच्या आज सुरू झाली नाही तर आधी बोट जाईल, मग पाऊल, आणि पुढचं त्यांना सांगायला लावू नये.

"आई, सुई काऊन बंद केली?"

"तुये बाबा म्हणले."

"बाबा कवा म्हणले?"

"गुरुवारी."

निवेदिताने समजावलं, रागावली, शेवटी रडली. पुष्पाबाई शांत होत्या. "तुले तुयी नोकरी हाये, घर हाये," त्या म्हणाल्या. "मले आठवड्यातून एकदा तुये बाबा भेटतात. बोट गेलं तं जाऊ दे."

आईच्या दंडाला धरून जबरदस्तीने सुई टोचता येते, पण ती एकदाच. दुसऱ्या वेळेसाठी आईचा स्वतःचा होकार लागतो. तो दिवस गुरुवारच होता. पाच वाजायला आले होते.

ती आई आणि कौशल्याबाईंबरोबर गेली आणि भिंतीशेजारच्या स्टुलावर बसली. हरिओमला तिने ओळखलं. दहाएक वर्षांपूर्वी तो सरांकडेच शिकायला होता आणि अर्ध्यातून सोडून गेला होता. महाराजांचा हात थरथरला, स्क्रीन उजळल्या: ‘पुष्पा, डॉक्टरचे ऐकू नको.’ पुष्पाबाईंच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की निवेदिताला क्षणभर वाटलं, उठावं आणि गुपचूप देऊळगाव राजाची बस धरावी. मग तिची नजर सरांच्या नावाकडे गेली. नावापुढे चौकटी कंसात एक आकडा होता.

हा आकडा ती रोज फळ्यावर लिहीत असे. मशीनमध्ये चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला असा क्रमांक मिळतो. मेलेल्या माणसाला मिळाल्याचं तिने कुठे वाचलं नव्हतं.

"महाराज," ती उठून म्हणाली, "मला बाबांशी बोलायचंय. पण मी तोंडाने नाही बोलणार, त्यांच्यासारखंच लिहून बोलते. चालेल?"

"बोला ना ताई," महाराज उदारपणे म्हणाले. "भाव शुद्ध पाह्यजे, बस."

निवेदिता एका स्क्रीनसमोर बसली आणि सहा-सात ओळींचा प्रोग्राम लिहिला. दुसऱ्या-तिसऱ्या तासाला ती पोरांना शिकवते तोच. एक कळ दाबली. दहा स्क्रीनवर तीच तातडीची ओळ आली, आणि खाली नाव: भगवानराव. पुढे मजकूर: ‘मी काल वारलो. तेराव्याला सगळ्यांनी या.’

महाराजांनी डोळे मिटले नव्हते, तरी गोमुखीतला हात थरथरला; ते निवेदिताने पाहिलं. लोकांनी भगवानरावांकडे पाहिलं. भगवानरावांनी स्वतःकडे पाहिलं.

"मी तं हाये ना बे!" ते ओरडले.

"मशीन नाही म्हणतंय, काका," निवेदिता म्हणाली. "आणि मशीनवर तर तुमचा विश्वास आहे."

मागून कोणीतरी हसलं. महाराज मात्र पक्के होते. "हे दुष्ट आत्म्याचं काम हाये," ते म्हणाले. "चांगल्या लाइनवर कधी कधी असे क्रॉस कनेक्शन लागते. नामजप वाढवा लागेल." आणि गोमुखीतला हात हलू लागला.

"थांबा महाराज. आधी बाबांच्या फोटोला सगळे मिळून नमस्कार करू. दोन्ही हातांनी."

आता आली पंचाईत. दिवंगत गुरूच्या फोटोला एका हाताने नमस्कार करणारा महाराज चिखलीत चालत नाही. सगळ्यांनी हात जोडले. महाराजांनी इकडेतिकडे पाहिलं, गोमुखी हळूच टेबलावर ठेवली आणि हात जोडले. निवेदिताने प्रोग्राममधलं नाव आणि मजकूर बदलून ठेवला होता; तिने पुन्हा कळ दाबली.

दहा स्क्रीन उजळल्या. आणि अकरावी गोमुखीत उजळली. पिशवी टेबलावर घर्रर्र घर्रर्र करत कडेकडे सरकू लागली.

"अवं माय," कौशल्याबाई म्हणाल्या, "जपमाळेत उजेड काऊन पडून राह्यला?"

महाराजांनी झडप घातली, पण भगवानराव जवळ होते, आणि काल वारल्यामुळे ते चिडलेले होते. त्यांनी पिशवी उलटी केली. आतून मोबाइल पडला. त्याच्या काळ्या पडद्यावर तीच ओळ होती, जी दहा स्क्रीनवर होती. नावाच्या जागी ‘निवेदिता’ आणि पुढे मजकूर: ‘फोन कोणाचा आहे?’

"बसा सगळे," निवेदिता म्हणाली. तिचा आवाज वर्गातला झाला होता. "यात जादू नाही, काय आहे ते सांगते. या खोलीत मशीन एकच आहे, ते कोपऱ्यातलं. या दहा स्क्रीन म्हणजे त्याच्या खिडक्या. मशीनच्या पोटात पुष्कळ प्रोग्राम चालतात, ज्यांना स्वतःची खिडकी नसते. घड्याळ सांभाळणारा, छपाई सांभाळणारा. त्यांना काही सांगायचं झालं तर सांगणार कोणाला? त्यासाठी एक सामायिक नोंद असते, सिसलॉग. सी भाषेत आधी ओपनलॉग म्हणायचं आणि आपलं नाव सांगायचं. मग सिसलॉग म्हणायचं, निरोप किती तातडीचा ते सांगायचं आणि निरोप द्यायचा. झालं. साधा निरोप मुकाट्याने नोंदीत जातो. पण ‘आणीबाणी’ असं सांगितलं, की तो नोंदीत तर जातोच, शिवाय त्या वेळी मशीनला जोडलेल्या प्रत्येक खिडकीवर उमटतो आणि घंटी वाजवतो. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. हा फोनही वायफायवरून मशीनला जोडलेला होता, म्हणून त्याच्याकडेही गेला. फोनचा आवाज बंद ठेवला की घंटीच्या जागी तो थरथरतो. महाराजांच्या हाताला दर गुरुवारी थरथर सुटायची ना, ती या घंटीची."

"पण नाव सरांचं कसं आलं?" भगवानरावांनी विचारलं. सहा महिन्यांतला हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

"तुमचं कसं आलं? मी सांगितलं म्हणून. लग्नात माइकवर आहेर पुकारतात, पाहिलंय ना? चिठ्ठीवर जे नाव लिहून द्याल तेच तो माणूस पुकारतो. तुम्ही चिठ्ठीवर कलेक्टरचं नाव लिहिलं तर तो कलेक्टरचा आहेर म्हणून पुकारेल. तो ओळखपत्र तपासत नाही. सिसलॉगला सांगायचं नावही तसंच असतं, सांगणारा सांगेल ते."

"मंग हे महाराजच कशावरून? फोन तं मायाकडेही हाये."

"बरोबर विचारलं, काका. निरोपातलं नाव खोटं देता येतं. पण हे मशीन त्या निरोपाजवळ आणखी एक गोष्ट स्वतःहून लिहून ठेवतं, की तो कोणत्या खात्यातून आला. ते सांगणाऱ्याला विचारत नाही, स्वतः पाहतं." तिने वडिलांचा पासवर्ड घातला आणि नोंद उघडली. सहा महिन्यांचे सरांचे निरोप एकाखाली एक आले. प्रत्येकाशेजारी खातं एकच होतं: हरिओम. पिशवीतल्या फोनवरून याच खात्यात शिरून ते निरोप निघाले होते.

खोलीतल्या जुन्या विद्यार्थ्यांना ते लगेच उमगलं. शाळा सोडून गेलेल्या पोराचंही खातं सर कधी बंद करत नसत. "परत येईल तो," म्हणायचे, "आला तर दार उघडं पाहिजे." तो परत आला होता.

महाराज उभे राहिले. क्लाउड, करंट, सर्किट यांतलं काहीच त्यांच्या तोंडून निघेना. "मी काय वाईट केलं?" ते शेवटी म्हणाले. "माऊलीले समाधानच देऊन राह्यलो होतो ना!"

"तिचा पाय पाहा," निवेदिता म्हणाली. "साडी जरा वर घे आई, दाखव त्यांना."

महाराजांनी पाहिलं नाही. ते दाराकडे निघाले. त्यांना कोणी अडवलं नाही, फक्त भगवानरावांनी फोन द्यायला नकार दिला. पोलिसांत जायचं तर तो लागेल, आणि पावती घेतल्याशिवाय आपण काही देत नसतो, असं ते म्हणाले.

लोक चुळबुळत होते. पुष्पाबाई जागच्या हलल्या नव्हत्या. त्या स्क्रीनवरच्या त्या लांबलचक नोंदीकडे पाहत होत्या.

"निवे," त्या म्हणाल्या, "मंग यातलं एकही त्यायचं नव्हतं?"

"नाही आई."

"पहिल्या दिवशीचं? ‘जेवत जा’ म्हणले होते ते?"

निवेदिताला खोटं बोलावंसं वाटलं. एवढं एक वाक्य आईला ठेवून दिलं तर काय बिघडेल, असं तिच्या मनात आलं. मग तिला कळलं की हरिओमनेही सुरुवात याच वाक्यापासून केली असणार.

"तेही नाही, आई."

पुष्पाबाईंनी पदर तोंडाला लावला. बापाला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं निवेदिताला झालं. आपण जिंकलो याचा तिला काडीइतका आनंद झाला नाही. कौशल्याबाई पुढे होऊ लागल्या तर पुष्पाबाईंनी त्यांना हातानेच थांबवलं. डोळे पुसले आणि लोकांकडे तोंड केलं.

"मी चौथी शिकेल बाई हावो," त्या म्हणाल्या. "मले तिनं सांगेल अर्धंच समजलं. पण तुम्ही तं शिकेल लोकं. सहा महिने इथं बसून राह्यले, एकानंही विचारलं नाई का हे बोलून कोण राह्यलं. म्याही नाई विचारलं. मले भेव वाटे, विचारलं आन् ते नसले तं? ज्याले विचाराचं भेव वाटते ना, तेच आधी विचाराव. देव असो, नाई तं नवरा असो. विचारल्यानं खरं हाये ते काही पळून जात नाई."

भगवानराव उठले आणि खिडक्यांवरच्या सतरंज्या काढू लागले.

पुष्पाबाई मुलीच्या खांद्याला धरून उठल्या. दुखरा पाय जपून टाकत दारापर्यंत आल्या, आणि निवेदिताला म्हणाल्या, "चाल. सुई जेवणाच्या अगुदर घ्या लागते."