खिडकीखालची पायरी

आमच्या विस्कॉन्सिनमध्ये माणूस तळघर राहण्याजोगं करायला घेतो तेव्हा आधी बार उभा करतो, भिंतींचं मग बघतो. माझा नवरा गॉर्डी याला अपवाद कसा असेल? माझ्या आईने, लिओनाने, जन्मभर चालवलेला गावातला बार बंद केला तेव्हा तिथला ओकच्या लाकडाचा जाडजूड काउंटर या पठ्ठ्याने घरी आणून तळघरात बसवला. त्याला तो तळहातावरच्या फोडासारखा जपायचा. माझा वाढदिवस विसरेल, पण काउंटरला तेल लावायला विसरणार नाही.

गेल्या हिवाळ्यात आई बर्फावरून घसरली आणि मनगट मोडून बसली. यंदा तिने घर विकलं आणि आम्ही तळघरात तिच्यासाठी खोली काढली. माझा भाऊ मात्र तिला अ‍ॅरिझोनाला न्यायला टपलेला. तिथे बर्फ नाही, आणि आईच्या मते बोलायला माणूसही नाही.

"पण मला कुणाच्या घरात घुसून बसायचं नाही," ती म्हणाली. "खोली गावच्या तपासणीत पास झाली तर राहीन. नाहीतर रविवारचं विमान आहेच."

भरलेली बॅग तिने आपल्या गाडीच्या डिकीतच ठेवली होती.

शुक्रवारी सकाळी गावचा बांधकाम तपासनीस अर्विन आला तो नारिंगी शिकारी कोट घालूनच. दुसऱ्या दिवसापासून हरणांची शिकार सुरू व्हायची होती. त्या दिवसांत आमच्याकडे लग्नं होत नाहीत, नळ दुरुस्त होत नाहीत आणि शहाणा माणूस मरतही नाही. दुपारी अर्विन रानात जाणार, तो पुढच्या आठवड्यातला थँक्सगिव्हिंगचा सण उरकल्यावरच उगवणार.

त्याने धुराची घंटा वाजवून पाहिली, वायरिंग पाहिलं, मान डोलावली. खिडकीपाशी मात्र घोडं अडलं. झोपायच्या खोलीला अशी खिडकी हवी की आग लागली तर आतला माणूस बाहेर पडेल आणि अग्निशमनवाला आत शिरेल. आमची खिडकी ऐसपैस होती, पण तिचा काठ आईच्या हनुवटीला लागत होता.

"एवढी उंच का बसवलीस रे?" अर्विनने विचारलं.

गॉर्डी कान खाजवत म्हणाला, "खाली बिअरचा फ्रीज मावायला हवा होता ना."

"आईच्या खोलीत बिअरचा फ्रीज?" मी ओरडले.

"खोली नंतर ठरली, कार्ला. फ्रीज आधीच ठरला होता."

देवाने मला असा नवरा दिला, आणि परत घ्यायची सोय ठेवली नाही.

"खाली पायरी केलीस तर चालेल," अर्विन म्हणाला. "पण स्टूलबिल नको. रुंद, भिंतीला पक्की, हलता कामा नये. दुपारी बारा वाजेपर्यंत आहे मी."

मी लाकडाच्या वखारीला फोन लावला. कुणी उचलेना. वखारवालाही रानात.

आईने कोट चढवायला घेतला. "नियम तो नियम. बंद करायची वेळ झाल्यावर मीही कुणाला थेंब दिला नाही. या अर्विनलासुद्धा नाही."

"माझ्या लग्नाच्या रात्रीसुद्धा नाही," अर्विन म्हणाला. त्याचं दुःख अजून ताजं होतं.

"जाऊ दे गं पोरी. अ‍ॅरिझोनातही माणसं राहतातच," आई म्हणाली. पण कोटाची बटणं तिने चुकीच्या काजांत लावली, आणि मला रडूच आलं.

तेवढ्यात तळघराच्या पलीकडच्या भागात, काउंटरपाशी, करवत सुरू झाली. आम्ही धावलो. गॉर्डी काउंटर कापत होता.

"अरे गाढवा!" आई किंचाळली. "तो ओक आहे!"

"म्हणूनच. तुमचं वजन पेलेल."

"माझ्यासाठी बार मोडतोस?"

"आई, तुमच्याशिवाय तो नुसता ओटा आहे. बाजूला व्हा, डोळ्यात भुसा जाईल."

वीस वर्षांच्या संसारात मला हा माणूस इतका कधीच आवडला नव्हता. मी डोळे पुसले ते भुशामुळे, असं नंतर सांगितलं.

अर्विन कॉफी पीत राहिला आणि घड्याळाकडे बघायचं त्याने टाळलं. गॉर्डीने खिडकीखाली भक्कम चौकट ठोकली, वर काउंटरचा तुकडा घट्ट बसवला. अर्विन त्यावर दोनदा उड्या मारून खाली उतरला. "चालेल."

"थांब," आई म्हणाली. "उगीच सही करू नकोस. वापरणार मी आहे."

ती पायरीवर चढली, खिडकी उघडली, काठावर गुडघा टेकला आणि हां हां म्हणता बाहेर. तळघराच्या खिडकीबाहेर उजेडासाठी खणलेल्या खड्ड्यातली शिडी चढताना तिच्या सपाता तेवढ्या दिसल्या.

मग बराच वेळ काहीच नाही. मी घाबरून वर पळाले, तोच दाराची घंटा वाजली.

दारात आई उभी होती. केसांत बर्फ, आणि हातात डिकीतली बॅग. "खोली पास," ती म्हणाली.