ढिगाखालची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पंधरा दिवसांपूर्वी या खोलीत आला असता तर मी तुम्हाला दिसलेच नसते. दिसला असता तो कपड्यांचा ढीग. एकाच बाहीचा झगा, काजं राहिलेले चार सदरे, अर्धी उसवलेली पँट आणि सगळ्यांच्या खाली कुठेतरी मी.

मला घडवणारा सुतार कामाला चोख होता, पण माझा मागचा एक पाय त्याच्या हातून केसभर आखूड झाला. मी पहिल्यापासून डुगडुगते. दुकानात मला कोणी घेईना. शेवटी एक बसचालक आला, माझ्यावर बसला, दोनदा मागेपुढे झुलला आणि म्हणाला, "हीच द्या. मला स्वस्थ बसता येत नाही, हिलाही येत नाही."

त्याला दोन मुली. थोरली सगळं वेळेवर करणारी. धाकटी हुशार, पण अभ्यासाला बसली की पेन्सिल शोधायला उठायची आणि खिडकीतल्या मुंग्यांची रांग कुठे जाते ते बघत राहायची. "आलेच" म्हणायची, आणि तिला खरंच यायचं असायचं. सगळे तिला आळशी म्हणत, वेंधळी म्हणत. वडील काहीच म्हणत नसत. ते मला तिच्या टेबलाशेजारी ओढत आणि माझ्यावर बसून वाटाणे सोलत. "मी आहे इथे. तू कर," एवढंच. आणि ती करायची. असं का होतं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पुढे धाकटी शिवणकाम शिकली. ती मशीनवर, वडील माझ्यावर, अशी कितीतरी वर्षं गेली. त्यांच्या झुलण्याने माझे मागचे पाय झिजले. त्या काळात एकही कपडा उशिरा गेला नाही. लोक तिच्या हाताची तारीफ करत. माझी कोणी केली नाही, पण मनातल्या मनात मी माझा वाटा धरून ठेवला होता.

दोन वर्षांपूर्वी वडील गेले आणि महिन्याभरात कामं तुंबली. कपाटात ठेवलेला कपडा धाकटीच्या लेखी जगातून नाहीसाच व्हायचा. थोरली म्हणाली, "अगं, मग कपाटात ठेवतेसच कशाला? या खुर्चीवर ठेव. डोळ्यांसमोर राहील." सल्ला काही वाईट नव्हता. पहिला सदरा अंगावर पडला तेव्हा मलाही बरं वाटलं. मग दुसरा आला, दहावा आला. धाकटी रोज त्या ढिगाकडे बघून म्हणायची, "आज बसते." मला ओरडून सांगावंसं वाटायचं, बाई, ही ठेवायची जागा नाही, बसायची आहे. पण मला पाय चार दिलेत, तोंड एकही नाही.

अशात बँडच्या तीस कोटांचं काम आलं. पहिले बारा तिने दोन दिवसांत, जेवणखाण विसरून शिवले. उरलेल्या अठरांना हात लागेना. सोमवारी बँडमास्तर चौकशीला आले आणि धाकटी त्यांच्यासमोर रडायलाच लागली.

"मी आळशी आहे, मास्तर. दुसऱ्या कोणाला तरी द्या."

मास्तरांच्या एका पायात काळा मोजा होता, दुसऱ्यात तपकिरी. ते म्हणाले, "आळशी माणूस मजेत असतो हो. तुम्ही तर रडताय." मग म्हणाले, "मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही. चाळिशीत कळलं. तोवर मीही स्वतःला हेच म्हणायचो. काम करायचं असतं, जीव तुटतो, पण सुरुवातच सापडत नाही. तुम्हालाही तेच आहे असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर सांगतील. पण मला सांगा, तुमचं काम व्हायचं तेव्हा काय असायचं?"

धाकटीने डोळे पुसले. "बाबा बसायचे," ती म्हणाली. "खुर्चीत."

"कुठल्या खुर्चीत?"

दोघं इकडेतिकडे बघू लागले. मित्रांनो, मी तिथेच होते.

मास्तर ढीग उचलायला लागले तर तिने त्यांचा हात धरला. "नको. तिथून हललं की मी विसरेन." मग त्यांनी भिंतीला दोरी बांधली आणि एकेक कपडा तिच्यावर टांगला, सगळे दिसतील असा. आणि ते माझ्यावर बसले. गुडघ्यावर ताल धरत नुसते बसले. संध्याकाळपर्यंत सहा कोट झाले. "उद्या येतो," म्हणून त्यांनी तळहातावर लिहूनही घेतलं.

ते आले नाहीत. परवाही नाहीत. "हात धुतला असेल," धाकटी म्हणाली. ती हसली आणि मग हसायची थांबली. बुधवारी तिने थोरलीला फोन केला, "मशीन विकून टाकते. मला नाही जमत."

आज शुक्रवार. बारा कोट बाकी आहेत आणि ते उद्या सकाळी हवेत. चार वाजता मशीन न्यायला माणूस येणार आहे. सोमवारपासून तिने माझ्यावर एक चिंधीही ठेवलेली नाही. सकाळपासून ती मशीनपुढे बसून आहे. सुईत दोरा आहे, पाय मशीनच्या पायडलवर आहे. "दाब ना," ती स्वतःच्या पायाला सांगते. पाय दबत नाही.

आत्ताच थोरली आली आहे, मशीन बाहेर काढायला मदत म्हणून.

"ताई, बसतेस का?" धाकटीने विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"बसून काय करू? मला काय शिवता येतं?"

"काही नको करूस. नुसती बस."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि हातातली पर्स माझ्यावर ठेवली.

मित्रांनो, मला रंगरंगोटी नको. पाय खिळखिळा झालाय, तोही राहू द्या, मी सांभाळून घेईन. पण तुमच्या घरातलं कोणी "जरा बसतोस का" म्हणालं, तर कशाला ते विचारू नका. त्याला मदतनीस नको असतो. शेजारी कोणीतरी हवं असतं.

पर्स लहानशी आहे, पण तेवढा मोठा ढीगही मला इतका जड झाला नव्हता. साडेअकरा वाजलेत. थोरली अजून उभीच आहे. ती पर्स उचल गं, बाई. बस.