गोमाजीचा घाम

कोंढ्याजवळच्या आमच्या धर्मादाय दवाखान्यात श्रावणात पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टरांच्या दाराशी मात्र शुकशुकाट. सगळी रांग कोनशिलेपुढे, कारण दगडाला घाम येत होता.

त्या दगडावर कोरलंय: ‘हा दवाखाना गोमाजीच्या घामातून उभा राहिला.’ वाक्य खरं आहे. गोमाजीने आपली जमीन दिली, विटा स्वतः वाहिल्या. घरोघरच्या बायांनी मळणी झाल्यावर सूपभर धान घातलं. त्यातून दवाखाना चालवणारं फाउंडेशन झालं. मी इथला जुना मास्तर, हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणून गोमाजीचा नातू वीरेंद्र अध्यक्ष झाला आणि त्याने याच वाक्याचा बाजार मांडला, तेव्हा माझं डोकं फिरलं.

तो दगडावरून कापूस फिरवायचा, बाटलीत पिळून औषध म्हणून प्यायला द्यायचा आणि डोळे मिटून सांगायचा, “आजोबा मेल्यावरही तुमच्यासाठी राबून राहिले. पन गोळी आन घाम एका पोटात नांदत नाही बरं.” आजोबा राबत होते तेव्हा या गड्याने एका विटेला हात लावला नव्हता.

गावातल्या कुंताबाईने हे ऐकून नात रेणूच्या सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या गोळ्या बंद केल्या. पोरगी तापाने फणफणली, सांधे धरून कण्हू लागली. तिला उचलून आणलं तेही कोनशिलेपुढेच. मी समजवायला गेलो, तर म्हातारी माझ्यावरच उखडली.

“दगडावर लिहिलं हाये, मास्तर. वाचाले तुमीच शिकवलं ना आमाले?”

डॉक्टर अंजूने वाद घातलाच नाही. तिने बर्फाच्या पाण्याने भरलेला स्टीलचा गडवा आणून पायरीवर ठेवला. बघता बघता गडव्यावर थेंब जमले.

“आजी, ह्या गडव्यात कोनाचे आजोबा बसले?”

रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. अंजूने सांगितलं की थंड वस्तूला दमट हवा लागली की हवेतलंच पाणी थेंब होऊन बसतं.

“मंग दगड काहून थंडा हाये?” कुंताबाईने विचारलं.

कोनशिलेच्या भिंतीमागे वीरेंद्रचं ऑफिस होतं. मी लोकांना घेऊन आत शिरलो आणि दगडाच्या नेमकी मागे टांगलेली गोमाजीची हार घातलेली तसबीर उतरवली. मागच्या विटा काढून एसीची थंड हवा थेट दगडाच्या पाठीवर सोडलेली होती. मी एसी बंद केला. घाम फुटला तो वीरेंद्रला.

कुंताबाईने बाटली पायरीवर ओतून दिली आणि रेणूला अंजूच्या हाती सोपवलं. काही दिवसांनी पोरगी आपल्या पायांनी घरी गेली, गोळ्या घेऊन.

त्या दोघी जाताना मी म्हातारीला कोनशिलेपाशी थांबवलं. म्हटलं, कुंताबाई, तुमच्या घरचं सूपभर धानही यात आहे. घाम म्हणजे कष्ट, हे चिखलात धानाची रोवणी करणाऱ्या बाईला मी काय सांगावं? दगडाला घाम येत नाही, माणसाला येतो. या दवाखान्यात आलात तर दगडापुढे थांबू नका, डॉक्टरकडे जा. तो घाम त्यासाठीच गाळला होता.